वीतभर चौथऱ्याची मोहीम

श्रीसागर समर्थ. बंदर हर्णे, तालुके दापोली, जिल्हे रत्नागिरी, येथील वर्तमान ऐसे जे, बर्फ कारखान्याचे कारकून राजमान्य राजेश्री सोहमराव यांनी बुचाच्या तुकड्यावर वाळू चिकटवून जो पराक्रम केला, त्याची हकीकत कोणी विचारली नाही, तरी लिहोन ठेवणे प्राप्त जाहले. थोरांच्या मोहिमा लिहिणारे उदंड आहेत, न विचारता लिहिणारा हा एकच बखरकार. वाचणारांनी हसू आवरावे आणि न आवरल्यास तोंडास रुमाल लावावा.

सोहमरावांचे वाडवडील दर्यावर्दी, परंतु हे खासे होडीत पाय ठेवताच ओकू लागत, म्हणोन बर्फाच्या लाद्या मोजण्यावर तैनात जाहले. त्यांस छंद ऐसा की, दूरदेशीहून रेझिनचे दोन बोटे उंचीचे कल्पित मुलुखीचे वीर पार्सलाने मागवावे आणि केसाएवढ्या कुंचल्याने रंगवावे. त्यांपैकी एक परशुधारी वीर, शिरी शिंगांचा टोप, पायी लाल बूट, ऐसा आठ महिने रंगविला. नुसत्या बुबुळांस तीन रविवार लागले, आणि तिसऱ्या रविवारी सोहमरावांस शिंक येऊन वीर तिरळा जाहला, मग चौथाही लागला.

पूर्वी एक घाव बसला होता तो सांगणे अवश्य. गेल्या साली रत्नागिरी शहरी ऐशा पुतळ्यांचे प्रदर्शन भरले, तेथे सोहमरावांचा दुसरा एक वीर औषधाच्या बाटलीच्या झाकणावर उभा करोन नेला. पुण्याहून आलेले परीक्षक यांनी भिंगातून पाहिले आणि कागदावर लिहिले की, वीर उत्तम, परंतु उभा कोठे आहे? हे शब्द काळजात रुतले. सोहमरावांनी वर्षभर तो कागद पाकिटात बाळगला आणि औंदा चौथरा ऐसा बांधीन की पुणेकराची बोटे तोंडात जातील, ऐसी शपथ वाहिली.

घरची आघाडी निराळीच पेटली होती. खिडकीतले टेबल, घरात उजेडाची जागा तेवढी एकच, सोहमरावांच्या रंगांच्या कुप्यांनी चार वर्षे काबीज केले होते, आणि त्यांचे कुटुंब रुपालीबाई, ज्या अवघ्या बंदराचे ब्लाउज शिवीत, त्यांचे मशीन चुलीमागच्या अंधारात पडले होते. दोरा ओवताना बाईंचे डोळे पाझरत. मग बाईंनी भर जेवणात फर्मान सोडिले:

“अवो, औंदा तुमच्या बावल्याचा नंबर आला तर टेबल तुमचा, मी परत तोंड उघडायची नाय. नाय आला, तर त्याच दिवशी माझी मशीन खिडकीत. सासूबाय, तुम्ही साक्षीला हाव.”

सासूबाई भागूबाई यांनी माशाचा काटा चोखीत मान डोलाविली आणि करार मुक्रर जाहला. त्या टेबलाखेरीज जगात सोहमरावांच्या मालकीची ऐसी जागा नव्हती.

मग मोहीम सुरू जाहली. व्हिडिओमधील एका परमुलुखी उस्तादास गुरू केले आणि त्याच्या आज्ञेने बुचाचा वीतभर तुकडा कापोन पाया घातला. विहिरीच्या कामावरून जांभ्याच्या कपच्या आणोन कडे उभारिले, मोडक्या वल्ह्याची ढलपी काढोन फुटके गलबत केले, आणि जुन्या जाळ्याचा दोर पिंजून गवत लाविले. येणेप्रमाणे पंधरा दिवस खपोन, दोन बोटे एकमेकांस चिकटवोन आणि ती गरम पाण्यात सोडवोन, रणभूमी सिद्ध जाहली. बाकी राहिली वाळू.

उस्तादाचा हुकूम होता की वाळू तीन वेळा धुवावी आणि भाजावी. सोहमरावांनी मसलत केली की, जी वाळू समुद्राने आजवर धुतली ती म्या बादलीत काय धुवावी? ऐसे म्हणोन बंदरामागे बायका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालतात तेथली वाळू डबाभर आणिली. तीस गुलाबी झाक होती. सोहमराव हरखले, ऐसा रंग कोणत्या कुपीत मिळतो! ती झाक जवळ्याच्या भुकटीची होती, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. वास म्हणावा, तर हर्णेकराच्या नाकास जवळ्याचा वास म्हणजे हवाच. भागूबाईंस आला नाही, रुपालीबाईंस आला नाही. घरात तो एकट्या दादूस आला.

दादू हा भागूबाईंचा बोका, एक कान फाटका, स्वभावे गनीम. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी वीर चौथऱ्यावर पक्का चिकटवोन सोहमराव स्नानास गेले, आणि दादूने खिडकीतून हल्ला केला. आधी वाळू चाटिली, मग दातांनी खरवडिली, आणि मध्ये अडथळा करणारा परशुधारी घोट्यापासून मोडोन तोंडात धरिला. तोच भागूबाईंनी वर्दी दिली:

“अरे सोहम, दादून तुझा बावला नेलान रे!”

सोहमराव टॉवेलानिशी धावले. दादू जाळ्यांवरून, बर्फाच्या पेट्यांवरून, एका होडीतून दुसरीत गेला आणि तेथे सोहमरावांची आरोळी ऐकोन त्याने तोंड उघडिले. आठ महिन्यांचा वीर दोन होड्यांमधल्या पाण्यात पडला आणि बुडाला. सोहमराव धक्क्यावर बसोन रडले. भोवती माशांचा बाजार चालला होता, कोणी थांबले नाही. येथे बखरकारही थट्टा करीत नाही. आठ महिने जपलेली वस्तू गेली म्हणजे माणूस रडतो.

चौथरा मात्र, थोडी वाळू गेली तरी, शाबूत होता. त्यावर दोन लाल बूट तेवढे उभे होते. टेबल तर जाणारच, मग लढोन जावे, ऐसा विचार करोन सोहमरावांनी चौथरा खोक्यात घातला आणि रत्नागिरीच्या एस.टी.त बसले. दापोली सोडिली न सोडिली तो खिडक्या उघडू लागल्या, आणि शेजारच्या बाईंनी विचारिले, “जवळा कसा दिलान रे दादा?” सोहमरावांनी खोक्यास नाक लाविले, परंतु त्यांस काहीच कळेना. ते समयी उस्तादाची तीन धुणी आठवली आणि खोक्याचे झाकण गच्च दाबोन धरिले.

पुण्याचे परीक्षक तेच होते. ते चौथऱ्यापाशी वाकले, दचकले, पुन्हा वाकले, आणि डोळे मिटोन दीर्घ श्वास घेतिला. वास वाईट आहे म्हणावे, तर आपणांस कला कळत नाही ऐसे दिसेल, या भयाने बाकीच्या दोघा परीक्षकांनीही श्वास घेतिला. मग कागदावर लिहिले की, वीराचा अभाव हाच येथील आशय असोन, रणभूमीचा कुजका गंध प्रथमच शिल्पात उतरला आहे. सबब दुसरा क्रमांक. या मुलुखी चौथरा बांधोन पुतळ्याची वाट पाहणे नवे नव्हे, उद्घाटनेही होतात. परंतु नुसत्या चौथऱ्यास इनाम मिळाल्याचे बखरकाराने प्रथमच पाहिले.

सोहमराव दुसरे दिवशी इनामाची ढाल मिरवीत घरी दाखल जाहले. रुपालीबाईंनी ढाल पाहिली, परीक्षकांचा कागद दोनदा वाचिला, भागूबाईंकडे पाहिले आणि निवाडा सांगितला:

“नंबर बावल्याचा आला असता तर टेबल तुमचा होता. नंबर चौथऱ्याचा आला. तर चौथऱ्यापुरती जागा तुमची.”

सोहमरावांनी आईकडे पाहिले. साक्षीदार भागूबाई बोलिल्या की, सुनेचा बोल बरोबर हाय. मग रंगांच्या कुप्या खोक्यात गेल्या, मशीन खिडकीत आले, आणि बाईंनी पहिल्याच प्रयत्नात दोरा ओविला व कितीएक दिवसांनी गाणे गुणगुणिले. सोहमरावांस ते गाणे ऐकोन बरे वाटले आणि बरे वाटल्याचा रागही आला. टेबलाच्या कोपऱ्यात चौथरा मांडिला, मागे ढाल उभी केली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हाती आलेला मुलूख, लांबी एक वीत, रुंदी एक वीत, दोन बुटांसह. संध्याकाळी दादू खिडकीतून आला, वाळू हुंगली, चारी पाय जवळ घेऊन बुटांवरच बसला आणि झोपी गेला. त्यास तेथून कोणी उठविले नाही.