भरल्यावर सुटणारे संमेलन

दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या मंगल कार्यालयात गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारी वेबसाइट बनवणाऱ्यांचे एक दिवसाचे संमेलन भरले. पहिले सत्र साडेदहाला सुरू होणार होते. ते अकरा वाजून सत्तावीस मिनिटांनी सुरू झाले. वक्ते हजर होते. वीज होती. प्रोजेक्टर चालू होता. उशिराचे कारण आयोजक गजानन जिरापुरे यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "दोन सीट खाली होत्या."

मी जिरापुरे यांच्याच गल्लीत राहतो आणि एका दैनिकाला दारव्ह्याच्या बातम्या पाठवतो. संमेलनाची बातमी चार ओळींत छापून आली. तिच्यात न मावलेला मजकूर पुढे देत आहे.

जिरापुरे यांचे वय बावन्न. खिशाला दोन पेन, एक निळा, एक लाल. वेबसाइटच्या धंद्यात येण्याआधी अकरा वर्षे ते स्टँडबाहेरच्या काळ्यापिवळ्या जीपगाड्यांचे नंबर लिहीत. कोणती गाडी आधी आली, आता कोणती भरायची, हे त्यांच्या वहीवर ठरे. दिग्रस, नेर, आर्णी, यवतमाळ अशा चार लाइन होत्या. सवाऱ्या भरल्या की गाडी सुटायची. न भरता सुटलेली गाडी अकरा वर्षांत आपण पाहिली नाही, असे ते सांगतात.

संगणक ते स्टँडसमोरच्या सायबर कॅफेत शिकले, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात. शिकवायला कोणी नव्हते. पहिली वेबसाइट त्यांनी जीपवाल्यांच्या संघटनेची केली. तिच्यावर वेळापत्रकाचे पान होते. रकाने चार: लाइन, कोठून, कोठे, वेळ. वेळेच्या रकान्यात सगळ्या ओळींत एकच शब्द होता, 'भरल्यावर'. एका प्रवाशाने तक्रार केली. जिरापुरे यांनी सगळे पान पुन्हा तपासले आणि माहिती बरोबर असल्याचे त्याला कळवले.

कोणत्याही जागी गेले की ते आधी सीटा मोजतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "सहा आरामात, नऊ दाबून." लग्नाच्या मांडवात नवरदेवाकडे पाहण्याआधी, "अडीचशे आरामात, चारशे दाबून." दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडे असताना त्यांनी एका हाताने चार आणि दोन्ही हातांनी सात असे दाखवले. ते बाहेरच्या बाकाबद्दल होते की दातांबद्दल, हे डॉक्टरांना अजून कळलेले नाही.

वेबसाइटलाही हेच माप आहे. पानावर पाच बटणे आरामात, आठ दाबून. एका बियाण्याच्या दुकानदाराला पहिल्या पानावर अकरा हवी होती. जिरापुरे यांनी आठ बसवली. उरलेल्या तिघांबद्दल सांगितले, "ते पुढच्या गाडीनं येतीन." म्हणजे दुसऱ्या पानावर.

संमेलनाची कल्पना त्यांचीच. जिल्ह्यात या धंद्यात कोण कोण आहे, हे फोनवरून शोधता शोधता त्यांना मारेगावच्या वैशाली मेश्राम सापडल्या. मेश्राम बचत गटांच्या पापड-लोणच्यांच्या वेबसाइट बनवतात. वय एकोणतीस, बोलणे सरळ. आखणी दोघांनी करायचे ठरले. ती दोन महिने चालली, बहुतेक फोनवर, स्पीकर मोठा करून. गल्लीतल्याच जिरापुरे यांच्या दुकानाचे शटर उघडे असे. त्यामुळे ही आखणी गल्लीला तोंडपाठ आहे.

"भाऊ, सत्रं सात झाले. आता टाइम टाका."

"टाइम कायले पाह्यजे? नंबर टाकतो."

"लोक इचारून राह्यले, कोणतं कधी आहे म्हणून."

"भरल्यावर."

"भाऊ, हे संमेलन आहे, काळीपिवळी नाही!"

"मॅडम, रिकाम्या हॉलमंधी बोलणारा माणूस पाह्यला काय तुम्ही? मी पाह्यला. पुढारी होता, तरी वाईट वाटलं."

तिसऱ्या फोनला तडजोड झाली. पहिल्या सत्राची वेळ पत्रिकेत छापायची, बाकी सहांच्या पुढे 'भरल्यावर' लिहायचे. बारा सीटा भरल्या की सत्र सुरू. बाराच का, असे मेश्राम यांनी विचारले. "नऊ आरामात, बारा दाबून," जिरापुरे म्हणाले. हे माप जीपचे. हॉलमध्ये दोनशे खुर्च्या होत्या.

नंतर ट्रॅकचा प्रश्न आला. अशा संमेलनात एकाच वेळी दोन हॉलांत दोन प्रकारची सत्रे चालतात, त्यांना ट्रॅक म्हणतात, एक नवशिक्यांसाठी ठेवू आणि एक जाणत्यांसाठी, असे मेश्राम यांनी समजावले.

"म्हणजे लाइन," जिरापुरे म्हणाले.

"लाइन नाही भाऊ, ट्रॅक."

"नवशिक्यायची गाडी गावोगाव थांबत जाईन. जाणत्यायची नॉनस्टॉप. म्हणजे दिग्रस लाइन आन् यवतमाळ लाइन."

"नावं तरी दुसरे द्या ना!"

"बोर्ड तयार आहे, मॅडम. जुनेच आहे, पण मजबूत आहे."

बोर्ड खरोखर मजबूत होते. पत्र्याचे, स्टँडवरून काढून आणलेले. रविवारी सकाळी ते दोन हॉलांच्या दारांवर लागले.

पहिले सत्र जाणत्यांचे होते, म्हणजे यवतमाळ लाइनचे. वक्ता निखिल, पुण्याहून आलेला, वय पंचवीस. विषय, वेबसाइट जलद कशी करावी. साडेदहाला आत दहा लोक होते. बाहेर चहापाशी आणखी वीसेक उभे होते. भरत आली की बसू, असे त्यांच्यातल्या प्रत्येकाचे म्हणणे होते. जिरापुरे दारात उभे राहून हाकारत होते.

"चला जलद वेबसाइट, जलद वेबसाइट! दोन सीट, दोन सीट! बसा की निंगालीच!"

निखिल हातात माइक घेऊन उभा होता. सुरू करू का, असे त्याने तीनदा विचारले.

"ड्रायव्हर, घाई नको करू," जिरापुरे म्हणाले. "चहा घे."

अकरा सत्तावीसला एक वयस्क जोडपे आले. त्यांनी दारावरचा बोर्ड वाचला, आत डोकावले, पहिल्या रांगेत बसले आणि थैली मांडीवर घेतली. जिरापुरे यांनी दार लावले.

निखिल चाळीस मिनिटे बोलला. शेवटी त्याने प्रश्न मागितले. पहिल्या रांगेतल्या आजोबांनी हात वर केला.

"बापू, यवतमाळ कधी येते?"

"खूप चांगला प्रश्न आहे," निखिल म्हणाला.

जिरापुरे यांनी त्या दोघांना स्वतः स्टँडवर नेले, खऱ्या यवतमाळच्या गाडीत खिडकीजवळ बसवले आणि परत आले. मेश्राम दारात वाटच पाहत होत्या.

"भाऊ, बारातल्या दोन सवाऱ्या चुकीच्या होत्या."

"चुकीच्या कशा? शेवटपर्यंत बसल्या ना? तुमच्या जाणत्यायतले तिघं मधातच उतरले."

तिघे खरोखर उतरले होते.

दिवसभरात सहा सत्रे झाली. सगळी भरल्यावर सुटली. दुपारी नवशिक्यांच्या हॉलमध्ये एक सीट कमी पडली तेव्हा जिरापुरे यांनी मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक रहीमभाई यांना आणून बसवले. रहीमभाई खुर्च्या मोजायला आले होते. त्यांना पानावर रंग कसे द्यावेत हे शिकून बाहेर पडावे लागले. "मालूमात अच्छी थी," असे त्यांनी सांगितले.

सातवे सत्र जिरापुरे यांचे स्वतःचे होते. विषय, जुनी वेबसाइट जिवंत ठेवणे. ते शेवटी होते, कारण नंबर त्यांनी लिहिले होते. स्टँडवर त्यांची स्वतःची एक जीप होती आणि अकरा वर्षे ती रोज शेवटच्या नंबरला लागली. लिहिणाऱ्याने आपली गाडी वर घेतली, असे कोणी म्हणू नये, एवढेच त्यांचे म्हणणे असे.

या सत्राची तयारी ते महिनाभर करत होते. शेजारच्या कटलरी दुकानदाराच्या माहितीनुसार ते रोज दुपारी शटर अर्धे ओढून घेत, रिकाम्या दुकानाला नमस्कार करत आणि बोलायला लागत. दारव्ह्यात वेबसाइटचे काम करणारे दुसरे कोणी नाही. आपल्या कामाबद्दल ते इतक्या वर्षांत कोणाशी बोललेले नव्हते, कारण ते कळणारा माणूस गावात नव्हता. संमेलन कशासाठी, हे त्यांनी मेश्राम यांना एकदाच फोनवर सांगितले होते. "एक दिवस तरी आपल्या धंद्याच्या माणसानं समोर बसून आपलं ऐकलं पाह्यजे, मॅडम." स्पीकर मोठाच होता.

सहावे सत्र पाच वाजून पाच मिनिटांनी संपले. यवतमाळची बस साडेपाचला होती. लोक उठले. जिरापुरे दारात उभे राहिले.

"जुनी वेबसाइट, जुनी वेबसाइट! चला, शेवटची गाडी!"

लोकांनी त्यांच्याशी हात मिळवला, संमेलन चांगले झाले म्हणून सांगितले आणि ते बाहेर पडले. त्यांना जाता यावे म्हणून जिरापुरे प्रत्येक वेळी बाजूला सरकत होते. हाकारणे मात्र चालू होते. सव्वापाचला ते थांबले.

हॉलमध्ये चार जण उरले. मेश्राम, निखिल, खुर्च्या रचायला आलेले रहीमभाई आणि मी.

"भाऊ, करा सुरू," मेश्राम म्हणाल्या.

"चार सीट आहे."

"तं काय झालं?"

"सकाळी पुण्याच्या पोराले तासभर उभं ठेवलं मी, दोन सीटंसाठी. आता माहीच गाडी खाली सोडू? नाही जमत, मॅडम." त्यांनी प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली. "तुमची बस आहे साडेपाचची. निंगा तुम्ही."

"तो मैं खुर्च्या रचू काय, भाऊ?" रहीमभाईंनी विचारले.

"रचा."

मेश्राम निघाल्या नाहीत. त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. उजवीकडच्या खुर्चीवर त्यांनी पर्स ठेवली, डावीकडच्या खुर्चीवर ओढणी.

"तीन सीट माह्या," त्या म्हणाल्या. "ए निखिल, तू तीन घे. खाली सीटा आम्ही वाटून घेतल्या, भाऊ."

काळ्यापिवळ्यांत ही रीत आहे. संध्याकाळच्या शेवटच्या गाडीला सवाऱ्या कमी पडल्या तर बसलेले लोक रिकाम्या सीटांचे भाडे आपसांत वाटून घेतात. मग ती गाडी भरलेली धरतात आणि नंबर लिहिणाऱ्याला ती सोडावी लागते.

निखिलने एका खुर्चीवर लॅपटॉपची बॅग ठेवली, दुसरीवर जर्किन. रहीमभाईंनी हातातल्या खुर्च्या खाली ठेवल्या, एकीवर बसले आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर एकेक हात टेकला. "अपनी भी तीन." माझी वही एका खुर्चीवर गेली आणि पिशवी दुसरीवर.

जिरापुरे वायर हातात घेऊन रांगेसमोर आले. बोटाने एकेक खुर्ची मोजली. पुन्हा मोजली.

"नियमात बसते काय?" मेश्राम यांनी विचारले.

"बसते," ते म्हणाले, आणि वायर पुन्हा लावायला गेले.

सत्र पाच वाजून बावीस मिनिटांनी सुरू झाले. आधी नमस्कार झाला. मग त्यांनी सांगितले की त्यांनी केलेल्या छत्तीस वेबसाइटांपैकी चौदांचे मालक आता नाहीत. जीपवाल्यांची संघटना मोडली, एक शाळा बंद पडली, एक भजनी मंडळ पांगले. या चौदा वेबसाइट ते दर सोमवारी सकाळी एकेक उघडून पाहतात. उघडली नाही तर दुरुस्त करतात.

साडेपाचला बसचा हॉर्न ऐकू आला. मेश्राम यांनी फोनवर घरी संदेश पाठवला आणि फोन पर्सवर पालथा ठेवला.

पडद्यावर भजनी मंडळाची वेबसाइट होती. तिच्यावर मंडळाने गायलेली दोनशे बारा भजने आहेत. ती पूर्वी जुन्या फाँटात टाइप केलेली होती. नव्या फोनवर ती अक्षरे फुटून नुसती चिन्हे दिसू लागली. तोवर मंडळातला शेवटचा माणूस मुलाकडे नागपूरला राहायला गेला होता. आता पडद्यावर सगळी अक्षरे नीट दिसत होती. प्रत्येक भजनाखाली ते कोण म्हणायचे त्याचे नाव होते.

मेश्राम पुढे झुकल्या. त्यांनी दोन-तीन भजने वाचली. मग हात वर केला.

"भाऊ, हे मशीननं बदललेलं नाही वाटत. मशीन जोडाक्षरं खाते, इथं एकही खाल्लेलं नाही. हे सगळं तुम्ही हातानं पुन्हा टाइप केलं काय?"

तेव्हा पाच वाजून एकावन्न मिनिटे झाली होती. जिरापुरे यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मग त्यांनी मेश्राम यांना तो प्रश्न परत एकदा विचारायला सांगितले.

मेश्राम यांनी तो परत विचारला.