हेर आहो

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी तलावावर तपासणी झाली आणि अनंत करंदीकरांच्या दोरीच्या टोकाला गळच नाही, हे उघडकीला आलं. दोन हंगामांत त्यांना एकही मासा का मिळाला नाही, याचा खुलासा त्यातून झाला.

करंदीकर माझे शेजारी. जर्मनीत नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, वय सत्तरीच्या पुढे, जन्माचे शाकाहारी. केकसुद्धा अंड्याच्या संशयाने हुंगून परत करतात. या माणसाला दर शनिवारी ट्राउट मासे पकडायला मी घेऊन जातो, कारण त्यांनी गाडी चालवणं सोडलं आहे आणि माझ्या बायकोला, मुग्धाला, त्यांना नाही म्हणवत नाही. त्या वेळी ती घरी झोपलेली असते.

त्यांचं ते फ्लाय फिशिंग. गांडूळ नाही, पीठ नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी बांधायची आणि लांब, लवचीक काठीने ती पाण्यावर अलगद टेकवायची. खरी समजून मासा तिच्यावर झेपावतो. करंदीकर माश्या सुरेख बांधतात. त्यासाठी आमच्या उशीतली पिसं गेली, मुग्धाच्या पैठणीचा सुटलेला जरीचा धागा गेला. काका दिवसभर करतात काय, असं कुणी विचारलं की मुग्धा सांगते, "लोक माश्या मारतात. आमचे काका बांधतात."

मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हा बोटं गारठलेली असतात. एप्रिलमध्ये वारा दोरीचा गुंता करतो. ऑगस्टमध्ये पाणी तापतं आणि मासे तळाशी जातात. करंदीकरांचं निदान मात्र बारा महिने एकच, जर्मन ‘तर मग’ने सुरू होणारं, "आल्झो, कुठेतरी माशी शिंकली." ऑक्टोबरपासून ट्राउट पकडायला बंदी असते. मग इमारतीमागच्या हिरवळीवर सराव. जानेवारीत त्यांची माशी इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमायस्टरच्या लोकरी टोपीवर जाऊन बसली आणि घसरून खाली पडली. लोकरीत गळ रुतायला हवा होता. ही बाब तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

ती आली तपासनीस ब्रेनर यांच्या. तलाव ज्या फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, त्याचे ते जुने सभासद. त्यांनी माशी तळहातावर घेऊन उलटी केली. गळाचा वाकडा भाग पक्कडीने तोडलेला होता. त्यांनी परवाना मागितला, वाचला आणि त्यांचा आवाज चढला.

"हा कुणा करांडिकारचा आहे! तुम्ही तर हेर आहो!"

इथे करीनबद्दल सांगायला हवं. करीन म्हणजे करंदीकरांची जर्मन बायको. मासे पकडायची ती. हे मागे बसून थर्मास सांभाळायचे आणि तिला माश्या बांधून द्यायचे. लग्न झाल्यावर पुण्यात सासूबाईंनी तिला बजावलं होतं की नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही, "अहो" म्हणायचं. करीनने ते इतकं मनावर घेतलं की तलावाच्या या काठावरून त्या काठावर तिची "आहोऽ" ऐकू जायची. मंडळींना वाटलं, आडनाव असेल. हेर म्हणजे श्रीयुत. झाले हेर आहो. इतक्या वर्षांत कुणी दुरुस्त केलं नाही.

दोन वर्षांपूर्वी करीन गेली. वाकलेल्या विलोच्या झाडाखालची, मासे पकडायला बसायची तिची लाकडी फळी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाकडे जाणार होती. नवऱ्याने स्वतः मासेमारीची परीक्षा दिली तरच फळी त्याच्याकडे राहणार होती. त्यांनी दिली. माशाच्या पोटातले अवयव मुग्धाने विचारायचे आणि यांनी कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड करून सांगायचे.

"ते आडनाव नाही," मी ब्रेनरना समजावलं. "आमच्याकडे बायको नवऱ्याला तशी हाक मारते."

ब्रेनरनी परवाना पुन्हा एकदा वाचला. "म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं यांना..."

"गेनाऊ. बरोब्बर," करंदीकर म्हणाले.

निकाल तरीही लागला. गळ नाही म्हणजे मासेमारी नाही. हंगाम संपेपर्यंत रीतसर गळाने एक मासा पकडा, नाहीतर फळी सोडा. आणि मापाचा मासा पाण्यात परत टाकायचा नाही, खायला न्यायचा, हा तिथला नियमच आहे.

परतताना गाडीत माझा संयम सुटला. "काका, सोडा ना ती फळी. काठावर बाक आहेत. बसायला परवाना लागत नाही."

"बाकावर मला कोण हाक मारणार?"

"मी मारतो की!"

"तू काका म्हणतोस," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

जूनपासून त्यांनी अख्खा गळ लावला. मासा वर आला की हे काठी उचलून माशी त्याच्या तोंडासमोरून पळवायचे.

"काका! आता आला होता!"

"शिंकली."

जुलै असाच गेला. ऑगस्टमध्ये मासे तळाशी आणि आम्ही उन्हात. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, धुकं विरत असताना, दोरी ताणली गेली. या वेळी त्यांनी ती सोडली नाही. जाळी मी धरली. मासा मापाचा निघाला. करंदीकरांनी पाठ फिरवली, पुढचं तपासणीला आलेल्या ब्रेनरनी काठावर नेऊन केलं. तो मासा त्या दुपारी मुग्धाने रव्यात घोळवून तळला आणि आम्ही दोघांनी खाल्ला.

फळी राहिली. त्या सकाळी मासा साफ करून झाल्यावर ब्रेनर मासेमारांच्या रीतीने अभिनंदन करायला मुद्दाम पुन्हा फळीपर्यंत आले. त्यांनी उच्चाराचा सराव केलेला दिसत होता.

"पेट्री हाइल, हेर करंदीकर!"

करंदीकर दोरी गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हेर क-रं-दी-कर!"

दोरी गुंडाळणं चालूच होतं. ब्रेनरनी माझ्याकडे पाहिलं, मग टोपी काढून हातात घेतली.

"हेर आहो," ते हळू म्हणाले.

"ओ," करंदीकर म्हणाले आणि वळले.