थंड जमीन आणि नाणेदार कार्ड

दक्षिण कोरियातल्या बुचॉन शहरातल्या ह्यांगनामू वसाहतीत, नोव्हेंबर अर्धा सरला असताना, ज्येष्ठांच्या खोलीचा बॉयलर बंद पडला. ही घटना मी मुद्दाम साध्या शब्दांत नोंदवतो आहे, कारण तेव्हा ती साधीच होती. आमच्याकडे घरं जमिनीखाली गरम पाणी खेळवून तापवतात, त्यामुळे बॉयलर बंद म्हणजे जमीन थंड. जमीन थंड म्हणजे तिच्यावर दिवसभर मांडी घालून पत्ते कुटणाऱ्या आज्या थंड. उपाय एकच, नवा बॉयलर. आणि पैसे होते! रिकाम्या बाटल्या, पुठ्ठे आणि प्लास्टिक विकून आलेली रक्कम आमची वसाहत दरवर्षी ज्येष्ठांसाठी बाजूला ठेवते. त्यात बॉयलर येऊन वर संत्र्यांची एक पेटी आली असती.

मी गिल जे-हाक, रहिवासी प्रतिनिधी सभेचा चिटणीस. माझा उभा जन्म सरकारी कचेरीत गेला, त्यामुळे एखादं काम सोपं दिसलं की मला संशयच येतो. तसा तो त्या सभेतही आला. ठराव मांडला गेला, सगळ्यांचे हात वर झाले, कुणी साधं खाकरलंसुद्धा नाही.

दाराशी मेंग बुन-रे आजी बसल्या होत्या. ज्येष्ठांच्या खोलीच्या प्रमुख. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून विशीतली.

"झालं ना एकदाचं? मग उद्या माणूस पाठवा," त्या म्हणाल्या. "खाली बसलं की गुडघे वर यायला तयार नाहीत आमचे."

तेवढ्यात अध्यक्ष प्यो ग्वांग-सु यांनी खिशातून एक कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. प्योसाहेब विमा कंपनीतून निवृत्त झालेले. माणसाकडे पाहताना तो किती वर्षं टिकेल याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत आपोआप चालू होतो.

"पैसे असे सरळ का द्यायचे?" त्यांनी विचारलं.

सरळ देण्याचं कारण आजवर कुणी मागितलंच नव्हतं.

प्योसाहेबांनी समजावलं. या कार्डावर खर्च केला की काही टक्के परत मिळतात. पण पॉइंट नाही, वॉनच्या नोटा नाहीत. परत मिळतं ते डिजिटल नाणं. "वॉन आज जेवढा, उद्या तेवढाच. पॉइंट तर वर्षअखेरीला मरतो. नाणं मात्र वाढतं!"

"कमी नाही होत?" महिला मंडळाच्या प्रमुख सोल यंग-मी यांनी विचारलं. सोलबाईंचं किराणा दुकान आहे, त्यामुळे त्यांना असले प्रश्न पडतात.

"होतं ना. पण वाढण्याआधीच."

हे सगळ्यांना पटलं. तरी सार्वजनिक पैसा म्हटल्यावर आधी कार्ड तपासून घ्यायला हवं, म्हणून 'नाणेदार कार्ड मूल्यमापन उपसमिती' नेमली. सदस्य तीन: प्योसाहेब, सोलबाई आणि मी. माझा संशय तिथल्या तिथे फिटला.

"अहो, पण मूल्यमापन होईस्तोवर आम्ही बसायचं कशावर?" मेंग आजींनी विचारलं.

"दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, आजी."

"माझ्या वयाला दोन-चार दिवसांचा म्हणू नकोस रे बाबा. खरं व्हायचं."

उपसमितीची पहिली बैठक कॉफीच्या दुकानात झाली, कारण तिथे परतावा दुप्पट होता. तिथेच बारीक अक्षरातली पहिली अट सापडली: परतावा हवा असेल तर आदल्या महिन्यात ठरावीक खर्च झालेला हवा. आमचा आदला महिना कोरा करकरीत. म्हणजे या महिन्यात बॉयलर घेतला, तर परतावा शून्य!

"मग या महिन्यात खर्च करू, पात्र होऊ, आणि बॉयलर पुढच्या महिन्यात," प्योसाहेब म्हणाले.

"खर्च कशावर करायचा?" मी विचारलं.

"काहीही चालेल. बॉयलर सोडून."

आम्ही काटकसरीनेच सुरुवात केली. 'आजी-आजोबांनो, हिवाळा उबदार जावो!' असा मोठा कापडी फलक छापून ज्येष्ठांच्या खोलीवर टांगला. मग स्मरणार्थ टॉवेल करून घेतले. आमच्याकडे शाळा सुटो, देवळाला रंग लागो की कुणाची साठी भरो, टॉवेल वाटल्याशिवाय ती गोष्ट घडली असं कुणी मानतच नाही. या टॉवेलांवर 'बॉयलर खरेदी, पूर्वतयारीच्या स्मरणार्थ' असं निळ्या दोऱ्यात विणलं होतं. आज्यांनी ते गुडघ्यांना बांधले. म्हणजे उपयोग झालाच की!

तरी पात्रतेला थोडी रक्कम कमी पडत होती. महिना संपत आलेला. शेवटच्या संध्याकाळी उपसमिती भाजलेल्या मांसाच्या हॉटेलात बसली असताना प्योसाहेबांना युक्ती सुचली. शेजारच्या लांब टेबलावर कुठल्याशा कंपनीची दहा-बारा पोरं गायीचं महागडं मांस भाजत होती.

"त्यांचं बिल मी कार्डाने भरतो," ते आमच्या कानाशी लागले. "मग ते मला रोख देतील. रोख परत फंडात. आपला खर्च शून्य आणि पात्रता पदरात!"

युक्तीत खोट काढायला जागाच नव्हती. प्योसाहेब उठले, गल्ल्याशी गेले, त्या टेबलाकडे बोट दाखवून त्यांनी कार्ड पुढे केलं. पावती घेऊन ते टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "पोरांनो, तुमचं बिल मी भरलंय."

पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं, पण ते बाहेर पडण्याआधीच सगळं टेबल उभं राहिलं. खुर्च्या मागे सरकल्या, सगळ्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. "पोटभर जेवलो, साहेब!" एकाने दोन्ही हातांनी त्यांचा पेला भरला. एकीने डोळे पुसत म्हटलं, "माझे वडीलही असेच होते."

आता वयाने मोठ्या माणसाने पोरांचं बिल भरलं, पोरांनी वाकून आभार मानले, आणि त्यावर तो माणूस हात पुढे करून 'पैसे काढा' म्हणाला, असं आमच्या देशात आजवर झालेलं नाही. असं करणाऱ्याला मग गाव सोडून जावं लागेल. प्योसाहेबांचा हात अर्धवट पुढे आला होता. एकाने तो दोन्ही हातांत धरून हलवला. मग पोरं निघून गेली.

सोलबाईंनी पावतीवरचा आकडा वाचला.

"पात्रता झाली," शेवटी सोलबाई म्हणाल्या.

झाली होती हे खरं. फंडाला मात्र असं भगदाड पडलं होतं की उरलेल्या पैशांत बॉयलरचं झाकण आणि फार तर नळी आली असती.

डिसेंबर उजाडला. प्योसाहेबांनी तरीही बॉयलरवाल्याला फोन लावला, कारण परताव्याने खड्डा भरून निघेल अशी आशा होती. तेव्हा बारीक अक्षरातली दुसरी अट सापडली. कर, शाळेची फी, भेटकुपनं आणि घराला कायम जोडली जाणारी यंत्रं यांवर परतावा नाही. बॉयलर घराला कायमचा जोडला जातो. नाही जोडला तर तो बॉयलर कसला?

आजी आल्याच होत्या. "ते जाऊ दे. विजेवरची एक चटई तरी आणून टाका. मंडईत स्वस्त मिळते."

"आजी, चटई हा वेगळा विषय आहे," मी समजुतीच्या सुरात म्हणालो. "या उपसमितीला चटईचे अधिकार नाहीत."

"थंडीला आहेत का रे अधिकार? ती बरी विचारल्याशिवाय आत येते!"

त्यांचं बोलणं मी इतिवृत्तात 'सदस्येतर सूचना' म्हणून घेतलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात नाणं वर गेलं. टॉवेल, फलक, कॉफी आणि मांस यांच्यावर मिळालेला चिमूटभर परतावा बघता बघता मूठभर झाला. प्योसाहेब रोज सकाळी लिफ्टसमोर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला फोनवरचा आलेख दाखवू लागले. टपालवाल्यालाही दाखवला. परतावाच एवढा वाढतो, तर फंडातले उरलेले पैसे नुसते पडून का ठेवायचे, असा प्रश्न त्यांनी सभेला विचारला. पुन्हा सगळ्यांचे हात वर झाले. उरलेला फंड नाण्यात गेला. नाणं सभेच्या नावावर ठेवायची सोय नव्हती, म्हणून ते प्योसाहेबांच्या नावावर ठेवलं. त्यांनी हे ओझं फार मोठ्या मनाने उचललं.

आठवडाभरात फंड बॉयलरच्या किमतीला येऊन टेकला. सोलबाई म्हणाल्या, "अध्यक्ष, विका आता! बॉयलर आणू."

"आत्ता विकायचं?" प्योसाहेबांचा चेहरा पडला, जणू कुणी त्यांना नातू विकायला सांगितला होता. "ही तर सुरुवात आहे. थोडा दम धरला तर दोन बॉयलर येतील!"

"दोन बॉयलर काय लोणच्याला घालायचेत?"

"आणि जानेवारीत भाव चढणार असताना डिसेंबरमध्येच विकलं, तर आज्यांचंच नुकसान. आपण विश्वस्त आहोत, सोलबाई."

विश्वस्त शब्द आला की मी नेहमी हात वर करतो. तेव्हाही केला.

ज्येष्ठांची खोली मात्र आता रिकामी पडू लागली होती. आज्यांनी आपला मार्ग शोधला. मेट्रोत म्हाताऱ्यांना तिकीट नाही आणि बाकाखालून ऊब येते. सकाळी जेवण उरकून सगळ्या जणी स्टेशनवर जात, लांबच्या चोनान शहरापर्यंत बसून जात, तिथे अक्रोडाची गरम बिस्किटं खात आणि संध्याकाळी उतरत. पण गाडीत पत्ते मांडता येत नाहीत, आणि गर्दीत पाच जणींना एका ठिकाणी जागा मिळत नाही. मग एकीला मुलाने आपल्या गावी नेलं. दुसरीचे पाय सुजले. बाकीच्याही एकेक करून गळाल्या आणि महिन्याअखेर फक्त मेंग आजी उरल्या.

नाताळच्या आसपास नाणं खाली आलं. खाली म्हणजे तळाशी. जिना उतरताना पाय चुकावा आणि माणूस सरळ तळघरात जावा, तसं. प्योसाहेबांनी लिफ्ट सोडून जिना धरला.

"आता तर विकताच येणार नाही," ते म्हणाले. "आत्ता विकलं तर तोटा खरा होईल."

वर्षअखेरीच्या सभेत अहवाल मी वाचला. आयुष्यात एवढा निर्दोष अहवाल माझ्या हातून झाला नव्हता. त्यात म्हटलं होतं: डिसेंबर महिन्यात ज्येष्ठांच्या खोलीचा वापर शून्य असल्याचे आढळून आले. सबब नवीन बॉयलरची आवश्यकता उरलेली नाही. बॉयलर न घेतल्याने त्याच्या संपूर्ण किमतीची बचत झाली असून, बाजारातील कोणतेही कार्ड इतका परतावा देत नाही. सबब मूल्यमापन यशस्वी समजावे.

टाळ्या पडल्या. प्रत्येकाला एकेक टॉवेल दिला. तो उरलेल्यांपैकीच होता.

टाळ्या थांबल्यावर मेंग आजी उठल्या आणि खोलीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. मला वाटलं, आता शिव्या बसणार. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं.

"गिल, माझं नाव काय रे?"

"मेंग बुन-रे," मी म्हणालो. कागदावर होतंच.

"लग्न झालं आणि मी 'धाकटी सून' झाले. मुलगा झाला आणि 'अमक्याची आई' झाले. दवाखान्यात मी 'पुढची आजी'. बुन-रे म्हणून हाक मारणारं या जगात कोणी उरलं होतं तर त्या खोलीतल्या चौघी. 'ए बुन-रे, पत्ता टाक की गं, झोपलीस का?' असं म्हणायच्या मेल्या." त्या थोडं हसल्या. "त्यातल्या तिघी गेल्या कुठे कुठे. चौथी ऐकू येत नाही म्हणून घरीच बसते. बॉयलर राहू दे आता. मी एकटी काय तापवत बसू ती जमीन?"

त्या सावकाश, भिंत धरून गेल्या. किल्लीला त्यांनी आमच्याच टॉवेलची एक चिंधी बांधली होती. निळ्या दोऱ्यातलं 'स्मरणार्थ' एवढंच तिच्यावर उरलं होतं.

मी इतिवृत्त बंद केलं. किल्ली जमा, असं लिहून.

आता तुम्ही म्हणाल, काय माणसं ही! म्हणा खुशाल. पण एक खरं सांगा. आजींच्या गुडघ्यांचं पुढे काय झालं ते मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्ही विचारलेलंही नाही. कार्डावर नेमके किती टक्के परत मिळतात, तेही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते मात्र मघापासून तुमच्या जिभेवर आहे.