बाबूरावांचं अ‍ॅडजस्ट

इंग्रजीतल्या एकाच शब्दावर माणूस अख्खा जन्म काढू शकतो, हे मी बाबूराव मोहित्यांमुळे मानायला लागलो. तो शब्द म्हणजे अ‍ॅडजस्ट.

दापोडीच्या चाळीत त्यांची खोली माझ्या शेजारी आणि पिंपरीच्या कंपनीत आमचं खातंही एकच, त्यामुळे तो शब्द मला दोन्हीकडे ऐकावा लागे. कंपनीच्या बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरे म्हणून ते आधी टेकत आणि मग म्हणत, "अ‍ॅडजस्ट, राव." भाजी खारट झाली, अ‍ॅडजस्ट. नळाचं पाणी गेलं, अ‍ॅडजस्ट. माझ्या बहिणीच्या लग्नात नवरा-नवरीला त्यांनी "दोघं अ‍ॅडजस्ट व्हा" असा आशीर्वाद दिला. एकदा कुणाकडे दुखवट्याला गेले, बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "देवानं थोडं अ‍ॅडजस्ट करायला पाहिजे होतं." घरची माणसं रडायची थांबून त्यांच्याकडे बघत राहिली.

जगाला हा उपदेश करणारे बाबूराव स्वतः मात्र तसूभर हलत नसत. विशेषतः थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी आली की. काहीही करून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायचे. "रात्री जागायला मी काय घुबड हाय?" बायको फार पूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. एकट्या माणसाला निदान झोप तरी हवी, असं त्यांचं म्हणणं.

आणि हाच माणूस एक दिवस सुपरवायझरकडे जाऊन कायमची थर्ड शिफ्ट मागून आला. खात्यात कुणाचा विश्वास बसेना. परतीच्या बसमध्ये ते शेजाऱ्याच्या खांद्यावर घोरू लागले, कँटीनमध्ये हातात पाव धरून झोपले. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "केलं अ‍ॅडजस्ट."

खरी गोष्ट उस्मानभाईंकडून कळली. उस्मानभाई आमच्याच मजल्यावरचे, स्कूटर मेकॅनिक. खोली एक आणि माणसं खंडीभर. थोरली शमीम दहावीला. पोरगी जिन्यातल्या दिव्याखाली बसून अभ्यास करायची. नापास झाली तर शिक्षण बंद आणि लग्न, असं घरात ठरलेलं होतं. बाबूरावांनी आपल्या खोलीची किल्ली तिला दिली. रात्री ती आणि सोबतीला तिची दादी तिथे. सकाळी ती शाळेला निघाली की हे येऊन झोपणार.

"बहुत मना किया मैंने," उस्मानभाई म्हणाले, "पण ऐकतच नाहीत."

परीक्षा संपली, किल्ली परत आली, बाबूराव पुन्हा फर्स्ट शिफ्टला आले. "सुटलात," मी म्हणालो. ते गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते.

"सकाळी दार उघडलं की आत आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटायचं," ते म्हणाले. "म्हातारी चहा झाकून ठेवायची. आता कुलूप काढतो, तर सगळं मी ठेवलं तसंच असतंय."



निकाल लागला. शमीम सेकंड क्लासमध्ये पास झाली. उस्मानभाई तिला घेऊन आले, पेढ्यांचा पुडा दोन्ही हातांत धरून ती दारात उभी राहिली. बाबूरावांनी पेढा तोंडात टाकला, आत जाऊन खुंटीवरची किल्ली आणली आणि तिच्यापुढे धरली.

"अकरावीला अभ्यास नसतो व्हय, पोरी?"

शमीमने बापाकडे बघितलं. अकरावीचं घरात अजून कुणी बोललंच नव्हतं.  उस्मानभाईंनी तिच्या हातांतला पुडा आपल्याकडे घेतला, आणि किल्ली घ्यायला तिचे हात मोकळे झाले.