न शिजवता, न तपासता

बढती मिळाली की मेजवानी द्यावी, असा नियम कुठेही लिहिलेला नाही. त्यामुळेच तो मोडायची कोणाची हिंमत होत नाही. अन्न तपासणी विभागातल्या एका निरीक्षकांचं नाव वरिष्ठ निरीक्षकपदासाठी पुढे गेलं, तेव्हा त्यांच्या साहेबांनी जिन्यात त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि शनिवारी संध्याकाळी आपण मोकळे आहोत, एवढंच सांगितलं. बढतीचा आदेश अजून निघायचा होता. तो शनिवारनंतर निघेल, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

निरीक्षक सचोटीचे गृहस्थ होते. साऱ्या नोकरीत त्यांनी कोणाकडून चहाचा कपसुद्धा घेतला नव्हता. लाच द्यायची तर घेणारा समोर यावा लागतो, आणि निरीक्षक कधी कोणाच्या समोर गेलेच नव्हते. उपाहारगृह असो, बेकरी असो की चीजचा कारखाना, कागद टेबलावर येई, निरीक्षक त्यातलं शुद्धलेखन सुधारत आणि खाली 'प्रत्यक्ष पाहणी केली, समाधानकारक' असं लिहून सही करत. शहरातलं एकही स्वयंपाकघर त्यांच्या सहीवाचून चालत नव्हतं आणि एकाही स्वयंपाकघराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. आत काय चालतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मात्र आत कोणी बघत नाही, हे त्यांच्याइतकं खात्रीनं दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून ते बाहेर जेवत नसत. लग्नसमारंभाला गेले तरी पोट बिघडल्याचं सांगून डबा खात.

त्यामुळे जेवण बाहेरून मागवूया असं बायकोनं सुचवलं, तेव्हा पंचाईत झाली. तिनं एका केटररचं नाव घेतलं, तर निरीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याचं घेतलं तरी तेच. शेवटी ती म्हणाली की तुमच्या ऑफिसच्या लोकांसाठी सुट्टीच्या दिवशी गॅसपुढे उभी राहणार नाही, आणि मोबाइलवर एक व्हिडिओ काढून तिनं त्यांच्या हातात दिला. त्यात एक हसतमुख बाई बांबूच्या छोट्या काडीला एक लहानसा टोमॅटो, एक बेसिलचं पान, मोझरेला चीजची एक गोटी आणि एक ऑलिव्ह टोचून, वरून तेलाची धार सोडत होती. इटालियन पद्धत, शिजवायचं काही नाही, दहा मिनिटांचं काम. निरीक्षकांना हे पटलं. जे शिजवायचंच नाही, त्याचं स्वयंपाकघरही नसतं. आणि स्वयंपाकघर नसलं की धोका कसला, असा त्यांनी विचार केला.

शनिवारी सकाळी ते स्वतः चीज आणायला गेले. दुकान झकपक होतं. काउंटरमागच्या माणसानं त्यांना ओळखलं नाही. ओळखायला त्यानं त्यांना कधी पाहिलं असतं तर ना. निरीक्षकांनी गिऱ्हाइकाच्या आवाजात विचारलं, चीज ताजं आहे का, कुठे बनतं, गोट्या कसल्या पाण्यात ठेवतात. असे प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विचारले होते.

दुकानदारानं भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र होतं.

"सरकारी माणूस स्वतः येऊन बघून गेलाय," तो म्हणाला. "सही बघा खाली."

निरीक्षकांनी सही बघितली. सही झोकदार होती. शेवटच्या अक्षराची वेलांटी मागे वळवून नावाखाली रेघ ओढायची त्यांची पद्धतच होती.

"काय झालं, सरकारवर विश्वास नाही का?" दुकानदारानं विचारलं.

आता नाही म्हणावं तर नोकरीशी बेइमानी, आणि हो म्हणावं तर चीज घ्यावं लागणार. निरीक्षकांनी चीज घेतलं. ऑलिव्हच्या दुकानात तीच सही होती. तेलाच्या दुकानातही तीच. तिथे तर ती पुसली जाऊ नये म्हणून तिच्यावर प्लास्टिक चढवलं होतं. दुपारी ते पिशव्या घेऊन घरी आले तेव्हा आपण शहरात इतके प्रसिद्ध आहोत याचा त्यांना अजिबात आनंद झाला नव्हता.

दहा मिनिटांचं काम पाच वाजेपर्यंत चाललं. टोमॅटो काडीखालून निसटून फ्रिजखाली जात होते. निरीक्षकांनी ते तीन पाण्यांतून धुतले, चीजची प्रत्येक गोटी उजेडात धरून बघितली, ऑलिव्हचा वास घेतला आणि आणखी एकदा घेतला. बायको शेजारी बसून पानं दुमडून टोचत होती. तिनं एक गोटी चाखायला त्यांच्यापुढे धरली, तर त्यांनी मान मागे घेतली.

"कोणी पास केलंय हे चीज?" तिनं विचारलं.

"मीच."

ती जरा वेळ टोचत राहिली. मग हातातली काडी तिनं खाली ठेवली.

"म्हणजे लग्नापासून तुम्ही बाहेर जेवत नाही, ते माझ्या हाताला चव आहे म्हणून नाही?"

निरीक्षकांनी उत्तर द्यायला हवं होतं त्यापेक्षा किंचित उशीर केला. चव आहेच, असं ते म्हणाले, पण तेवढ्यात ती उठून हात धुवायला गेली होती. भावंडांत, मैत्रिणींत, शेजारणींत तिनं आजवर ज्या एका गोष्टीचा तोरा मिरवला होता, ती ऑफिसमधल्या आळसाची फक्त दुसरी बाजू निघाली. उरलेल्या काड्या निरीक्षकांनी एकट्यानं टोचल्या. त्या जरा वाकड्या झाल्या.

संध्याकाळी पाहुणे आले. साहेबांबरोबर निरीक्षकांनी आपल्या बरोबरीच्या इतर खात्यांतल्या तिघांनाही बोलावलं होतं. लिफ्ट तपासणीवाले सात मजले चालत आले आणि दारात दम खात, प्रकृतीसाठी व्यायाम बरा असतो म्हणाले. पाणीपुरवठावाले मात्र मजेत लिफ्टनं आले, पण काखेत घरून भरून आणलेली बाटली होती. बांधकामवाल्यांना गॅलरीत खुर्ची दिली, तर त्यांनी छताकडे एक नजर टाकली, वाऱ्यानं सर्दी होते असं सांगितलं आणि खुर्ची दाराच्या चौकटीखाली ओढून घेतली. गॅलरीत मग लिफ्टवाले बसले आणि नळाचं पाणी मागून मागून प्यायले. कोणी कोणाला काही विचारलं नाही. खात्याखात्यांमध्ये एकमेकांबद्दल जो आदर असावा लागतो, तो इथे पुरेपूर होता.

मग ताट आलं. लाल, हिरवं, पांढरं, तेलानं चमकणारं. पाणीवाल्यांनी वा म्हणून हात पुढे केला, तेवढ्यात त्यांची नजर यजमानांकडे गेली. निरीक्षक ताट सगळ्यांपुढे फिरवत होते, पण ताट त्यांच्या छातीजवळ आलं की त्यांचा श्वास थांबत होता. दुसऱ्या कोणाच्या हे लक्षात आलं नसतं. पण या पाहुण्यांचा सगळा जन्मच अशा गोष्टी न बघण्यात गेलेला असल्यामुळे, नेमकं कुठे बघायचं नाही हे त्यांना बरोबर कळत होतं. पाणीवाल्यांनी काडी उचलली आणि ती हातात धरून हवामानाबद्दल बोलायला लागले. बांधकामवाल्यांनीही उचलली आणि तिनं हवेत इमारतीचा नकाशा काढून दाखवला. थोड्या वेळानं, यजमान पाठमोरे झाल्यावर, दोन्ही काड्या गुपचूप ताटात परत गेल्या.

साहेब हे सगळं बघत होते. ते याच खात्यात वर चढलेले, त्यामुळे त्यांना समजायला वेळ लागला नाही.

"आधी तुम्ही घ्या," ते निरीक्षकांना म्हणाले. "यजमानांनी सुरुवात करावी."

लिफ्टवाल्यांना निरीक्षकांची दया आली असावी. ते गॅलरीतून आत आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही एक खा. मी जाताना लिफ्टनं जातो."

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती. त्यांनी आदेशाचा विचार केला, वाढणाऱ्या पगाराचा केला, आपल्या झोकदार सहीचा केला, आणि एक काडी तोंडात रिकामी केली. चावली. गिळली मात्र नाही. गाल फुगवून ते तसेच उभे राहिले. साहेबांनी त्यांना विचारलं, विभागात सगळं ठीक चाललंय ना. निरीक्षकांनी मान डोलावली. एखादी तक्रार? मान आडवी हलली. वरिष्ठ म्हणून जबाबदारी झेपेल? मान पुन्हा डोलली.

"मला असाच माणूस हवा होता," साहेब खूश होऊन सगळ्यांना म्हणाले. "तोंडात काहीही असो, बाहेर येऊ देत नाही."

लोक हसले. निरीक्षक नम्रपणे वाकले आणि बाथरूमकडे गेले. साहेबांना भूक नव्हती. त्यांनी घरून निघतानाच खाऊन घेतलं होतं. निघताना लिफ्टवाल्यांनी लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, तेव्हा त्यांना आठवलं की डॉक्टरांनी उतरण्याचा व्यायामही सांगितला आहे. बढतीचा आदेश सोमवारी निघेल, असं साहेबांनी दारात सांगितलं.

ताट जवळजवळ जसंच्या तसं उरलं होतं. रविवारी सकाळी बायकोनं वाकडी पानं सरळ केली, वरून पुन्हा थोडं तेल सोडलं आणि ताटाला झाकण लावलं. ती ज्या वाचनालयात काम करायची, तिथे त्या दिवशी वाचकांचा मेळावा होता. तिनं निरीक्षकांना विचारलं की हे लोकांना द्यायला चालेल ना. आदल्या दिवशीच्या त्या प्रश्नानंतर ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती, म्हणून त्यांनी नीट विचार करून उत्तर दिलं.

"लोकांचं वेगळं असतं. त्यांना सवय असते."

अन्न टाकून देणं बरं नाही, असं ती स्वतःशीच म्हणाली आणि ताट घेऊन गेली. तिथे तिनं स्वतः मात्र एकही काडी घेतली नाही. आपल्याला चीज आवडत नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती.

मेळाव्यात सरकारी कारभाराची टर उडवणाऱ्या कथा वाचल्या गेल्या. एका कथेत तर जागेवर न जाताच सह्या करणारा एक अधिकारी होता, आणि सभागृह डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलं. तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात. मध्यंतरात ताट तुमच्यापर्यंत आलं. किती सुंदर, घरी केलंय का, असं तुम्ही विचारलंत. हो, काही शिजवायचं नसतं त्यात, असं ती म्हणाली. कधी केलं, कशाचं केलं, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. एक काडी संपवलीत आणि शेजाऱ्याकडे वळून म्हणालात की या खात्यांमध्ये कोणी काही तपासतच नाही हो.

आणि दुसरी उचललीत.