कवळी आधी, पैसे नंतर

"कर आत्ताच भरून मोकळे होऊ. म्हातारपणी डोक्याला ताप नको," नवरा म्हणाला.

"आणि आत्ता काय खायचं, हवा? म्हातारपणीचं म्हातारपणी बघू हो," बायको म्हणाली.

नवरा ज्या छापखान्यात होता, तिथे निवृत्तीसाठी नवी बचत योजना निघाली होती. कर कापण्याआधी पगारातून पैसे टाकले, तर कर म्हातारपणी. कर कापल्यावर टाकले, तर म्हातारपणी कटकट नाही. आठ दिवस घरात भांड्याला भांडं लागत होतं. नवऱ्याचे वडील, आबा, दुधात पाव बुडवत, बोळक्या तोंडाने दोघांनाही "बरोबर" म्हणत होते. पगार झाला की त्यांची कवळी येणार होती.

शेवटी रुसवा विरघळला. निम्मं तिचं, निम्मं त्याचं. नवऱ्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर प्रेमाने भरलं: कराआधी पन्नास टक्के, करानंतर पन्नास टक्के.

पगाराच्या दिवशी तिघे दातांच्या डॉक्टरकडे गेले. कवळी बसली आणि आबांचे बसलेले गाल वाऱ्याने शीड भरावं तसे भरून आले.

"सूनबाई, सफरचंद आण!" शब्द कसे खणखणीत!

नवऱ्याने कार्ड दिलं. खात्यात पैसे नव्हते. पुन्हा दिलं. पुन्हा नव्हते. त्याने छापखान्यात फोन लावला.

"पगाराचे पन्नास टक्के कराआधी गेले," हिशेब बघणाऱ्या बाई म्हणाल्या. "मग कर कापला. उरलेलं सगळं करानंतरच्या खात्यात गेलं, तरी तुमचे पन्नास टक्के भरले नाहीत बघा."

"अहो बाई, बचतीचे निम्मे निम्मे! पगाराचे नव्हेत!"

"पुढच्या महिन्यापासून बदलू की."

"आणि गेले ते?"

"मिळतील ना. साठीला."

बायकोने फोनवरचं सगळं ऐकलं होतं. "अहो, मी निम्मी बचत मागितली होती. तुम्ही अख्खा संसार टाकून आलात!"

डॉक्टर ओशाळून म्हणाले, "आजोबा, तोंड उघडा. कवळी इथेच ठेवू."

"नंतर घेऊ हं, आबा," नवरा पुटपुटला.

आबांनी मुलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"आठ दिवस तुमचं आधी-नंतर ऐकलं. आता माझं ऐका. कवळी आधी, पैसे नंतर."

आणि नव्याकोऱ्या दातांवर दात दाबून त्यांनी तोंड मिटलं, ते घर येईपर्यंत उघडलं नाही.