सात पिढ्या आणि एक पेनड्राइव्ह

मला कॉम्प्युटरमधलं कळतं, असं मी स्वतःहून कधी म्हणत नाही. पण दुसऱ्या कुणी म्हटलं, तर खोडूनही काढत नाही! बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. तिथला प्रिंटर अडला की पहिली हाक मलाच येते, ‘एकनाथ, जरा बघ रे!’ मी बघतो. मग आयटीतल्या सुजितला बोलावतात, तो भाग वेगळा.

गेल्या महिन्यात एका शनिवारी मी कामावर असताना बायकोचा, प्रेमलाचा, फोन आला.

"अहो, बाबांचा लॅपटॉप सुरू होत नाहीये. गोल गोल टिपके फिरतायत नुसते. बाबा सकाळपासून जेवले नाहीत!"

माझे सासरे आत्माराममामा पालघरजवळच्या माहीमला राहतात. नारळ-केळीची चांगली वाडी आहे, पण दोन वर्षं माणूस वाडीत कमी आणि लॅपटॉपसमोर जास्त. घराण्याची वंशावळ लिहीत होते. सात पिढ्या, चारशे बारा नावं, सगळी एका बोटानं टाइप केलेली! पुढच्या रविवारी साऱ्या भाऊबंदांचा मेळावा होता. त्यात वाटायच्या पुस्तिकेची फाइल या रविवारी दुपारी चारपर्यंत पालघरच्या छापखान्यात पोचवायची होती. दुसरी प्रत? मामांच्या मते प्रती काढतात त्या रेशनकार्डाच्या.

"उद्या सकाळी येतोय म्हणावं," मी म्हणालो. "अर्ध्या तासाचं काम!"

"मिक्सरच्या वेळीही अर्धा तासच म्हणाला होतात."

"मिक्सर हे हार्डवेअर आहे, प्रेमला!"

संध्याकाळी सुजितला गाठलं. त्यानं एक पेनड्राइव्ह माझ्या हातावर ठेवला. "यात लायव्ह लिनक्स आहे. विंडोज पडलं तरी लॅपटॉप यावरून चालू होतो. आतल्या फाइली काढून घ्यायच्या. फक्त एक लक्षात ठेव..."

तेवढ्यात शिफ्टची बस हलली. मी पळालो. एकच तर गोष्ट होती, ती असून असून किती मोठी असणार!

रविवारी साडेनऊला आम्ही सालवडच्या आमच्या घरून मोटरसायकलवर माहीमला पोचलो. मामा ओटीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते, ताप आलेल्या नातवाला घेऊन बसावं तसे.

"जावई, माजी मानसं वाचतील ना?"

"मामा, तुम्ही फक्त चहा सांगा!"

पेनड्राइव्ह खोचला. आता लॅपटॉप सुरू होताना एक ठरावीक बटण दाबायचं असतं. ते कुठलं, हे प्रत्येक कंपनी गुपित ठेवते. मी एस्केप दाबलं, एफ-टू दाबलं, एफ-टेन दाबलं. दर वेळी तेच टिपके! शेवटी मी डावीकडून, प्रेमलानं उजवीकडून आणि माझी मेव्हणी जागृतीनं मधून एकदम बटणं बडवायला घेतली. मामींनी खोबरं किसता किसता विचारलं, "मी बी दाबू का एखादं?"

सातव्या खेपेला यादी उघडली. मी असा चेहरा केला, की हीच खेप ठरलेली होती. पडद्यावर दोन ओळी आल्या. एक ‘ट्राय’, दुसरी ‘इन्स्टॉल’. माझं बोट ‘इन्स्टॉल’कडे निघालं होतं.

"ट्राय म्हणतंय तर आधी ट्राय करा की!" प्रेमला म्हणाली. तिनं त्या क्षणी काय वाचवलं, ते मला नंतर सुजितकडून कळलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.

दोन मिनिटांत लख्ख निळा पडदा आला. "झालं!" मी हात झटकले.

मामांनी चष्मा लावून पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "माज्या फाइली कुठं हायत? नुस्ता कचऱ्याचा डबा दिसतोय!"

मी ‘डॉक्युमेंट्स’ उघडलं. रिकामं. ‘पिक्चर्स’ रिकामं. ‘डाउनलोड्स’ तर इतकं स्वच्छ, की पाहुण्यांना दाखवावं! मामा मोठ्यानं ओरडले, "गेले! सगले गेले! मागचे-पुढचे कोन ऱ्हायलं नाय!"

नेमके त्याच वेळी शेजारचे भगवंतकाका कुंपणापाशी केळीचं पान कापत होते. त्यांनी तेवढंच ऐकलं. मामांचा धाकटा भाऊ कुटुंबासह त्याच आठवड्यात देवदर्शनाला गेलेला. काकांनी दोन अधिक दोन केलं आणि पान तिथंच टाकून आळीत धाव घेतली.

पंधरा मिनिटांत अंगण भरलं. माणसं चपला काढून, माना खाली घालून येऊन बसू लागली. एका बाईनं मामींना मिठी मारली. मामींना वाटलं, लॅपटॉपचं हिला कसं कळलं? पण मायेनं कुणी धरलं की रडू येतंच. त्या रडल्या. ते पाहून बाकीच्या बायकाही रडल्या. एका घरातून पिठलं-भाताचं पातेलं आलं. चूल कशी पेटणार त्या घरात आज!

भगवंतकाका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कवा झालं?"

"काल सकाळी," मी म्हणालो. "आधी नुसता हँग झाला होता."

"अरे देवा! आनि बाकीचे?"

"एकदमच गेले. बॅकअपच नव्हता ना!"

काकांनी डोळे पुसले. "आनि बॉड्या?"

तिथं आमचा दोघांचा घोळ उघडा पडला! अंगणात मोठा हशा पिकला. धाकट्या मामांना फोन लावून ते जिवंत असल्याची त्यांच्याच तोंडून खात्री करून घेण्यात आली. पण जमलेली माणसं परत जाईनात. पिठलं गरम होतं आणि गेलेली नावं तर त्यांचीच होती!

"मग आमी सांगतो ना पुन्ना," काका म्हणाले. "लिव गो जागृती!"

जागृती नर्सिंगला आहे. तिची बोटं मशीनसारखी चालतात. नव्या पडद्यावर मराठी टायपिंग कुठं असतं, ते तिनं दोन मिनिटांत शोधलं. मी म्हणालो, "तेच सांगणार होतो." मग जी नावं सुरू झाली! कुणी पणज्यापासून धरलं, कुणी कालच्या बारशापासून. वरच्या आळीत आणि खालच्या आळीत तीस वर्षं बोलणं नव्हतं. दोन आळींच्या दोन आज्यांत थोरला कुणाचा, एवढ्याच प्रश्नावरून. त्या दिवशी पिठल्याच्या पातेल्याभोवती दोन्हीकडच्या म्हाताऱ्या बसल्या, हिशेब जुळवत गेल्या आणि निघालं काय, तर ते दोघे आजे जुळे! वरच्या आळीच्या म्हातारीनं खालच्या आळीच्या म्हातारीच्या ताटात स्वतःच्या हातानं पिठलं वाढलं. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जावई," ते म्हणाले, "लॅपटॉप बिगडला ते बरंच झालं हो!"

मी मान लववली. श्रेय कुणी देत असेल, तर अडवू नये.

अडीचला शेवटचं, चारशे एकोणतिसावं नाव टाइप झालं. जागृतीनं फाइल सेव्ह केली. "भावजी, आता ही पेनड्राइव्हमध्ये घ्यायची ना?"

"वेडे," मी हसलो, "सगळं चाललंय कशावर? पेनड्राइव्हवर! म्हणजे फाइल आहे कुठं? पेनड्राइव्हवर!"

मी लॅपटॉप शिस्तीत बंद केला. पडद्यावर इंग्रजीत सूचना आली, पेनड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. बघा, यंत्रसुद्धा माझ्याच मताचं! काढला, दाबलं आणि पालघरच्या रस्त्याला लागलो. मागं अख्खी आळी हात हलवत होती.

छापखान्याच्या भाग्येशनं पेनड्राइव्ह लावला आणि आतलं उघडून पाहिलं.

"यात ‘बूट’ नावाचं एक फोल्डर आहे," तो म्हणाला. "चपलांचा कॅटलॉग आणलात का?"

मी सुजितला फोन लावला.

"पेनड्राइव्ह काढलास?" तो किंचाळला. "अरे, हेच सांगत होतो! लायव्हमध्ये केलेलं सगळं मेमरीत असतं. बंद केलं की गेलं!"

"मग चारशे एकोणतीस माणसं?"

"कसली माणसं? आणि मुळात तुला टाइप करायला कुणी सांगितलं? जुनी फाइल त्या लॅपटॉपच्या डिस्कवरच असेल! ‘इन्स्टॉल’ दाबलं असतंस, तर तीही पुसली गेली असती! डाव्या बाजूला डिस्कचं नाव दिसतं, त्यावर टिचकी मारायची. बस!"

डाव्या बाजूला! सकाळपासून तीस माणसं त्या पडद्याकडे बघत होती आणि डावीकडे कुणी पाहिलं नव्हतं. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. मी मोटरसायकल अशी पिटाळली, की माहीमच्या वळणावर एक कोंबडी मला बघून झाडावर चढली.

मामा ओटीवर निवांत पडले होते. "दिली फाइल?"

"देतोय," मी म्हणालो. "एक... तपासणी राहिलीय."

जागृतीला बाजूला घेऊन खरं सांगितलं. ती बिचारी ओरडली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि नर्सिंगवाल्यांचं ते पाहणं इंजेक्शनपेक्षा जास्त लागतं. तिनं आपला पेनड्राइव्ह काढून दिला. पुन्हा बटणं, पुन्हा निळा पडदा, डावीकडे टिचकी. आणि समोर मामांची फाइल! धडधाकट, चारशे बारा माणसांसकट, दोन वर्षांची. चारला दोन मिनिटं कमी असताना ती मी भाग्येशच्या हातात दिली.

फाइल वाचली, पण ती जुनी. जुळे आजे परत भांडायला मोकळे, आणि दुपारी नव्यानं निघालेली सतरा माणसं गायब! रात्री मामांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, घर डोक्यावर घेतील. त्याऐवजी ते सोमवारी सकाळी एकटेच पालघरला जाऊन आले, एवढंच प्रेमलाला कळलं.

मेळाव्यात पुस्तिका वाटली. शेवटचं पान मी उघडलं. चौकटीत, ठळक अक्षरांत छापलं होतं : ‘या वंशावळीत कुणाचे नाव चुकले, राहिले वा दुसऱ्या शाखेत गेले असल्यास जबाबदारी आमचे जावई एकनाथ यांची आहे. संपर्क करावा.’ खाली माझा मोबाइल नंबर!

तेव्हापासून फोन चालूच आहेत. डहाणूहून येतात, वसईहून येतात, एक तर थेट दुबईहून आला. कुणाची आत्या बायकोच्या जागी गेलीय, कुणाला मुलगा आहे पण लग्न नाही. मी सगळं वहीत उतरवून घेतो, आता वहीतच! काल स्टोअरमध्ये बसलो असताना एका म्हातारीचा आवाज आला.

"जावईच ना तुमी? माज्या नावाम्होरं कैलासवासी लावलंय. तुमी खोडताय, का मीच तेवडं खरं करून घेऊ?"